‘टक’ झालं, पण ‘ठो’ नाही! काडतुसाची टोपी नीट बसली नाही तर काय होतं, आणि ती घरी बसवणं भारतात गुन्हा का आहे?

दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आठवतेय? लाल प्लास्टिकची गोल रिंग, तिच्यात आठ टिकल्या. घाईघाईत रिंग अर्धवट बसवली की पहिल्यांदा चाप ओढल्यावर नुसताच ‘टक’ असा आवाज यायचा. पुन्हा चाप ओढला की तीच टिकली ‘फट्ट’ करून वाजायची. पहिल्या फटक्यात टिकली जागेवर बसायची आणि दुसऱ्या फटक्यात फुटायची. आपण कारण कधी शोधलं नाही. ‘आधी वाजली नाही, आता वाजली’ एवढ्यावर विषय संपला.

खऱ्या काडतुसाच्या बुडाशी अशीच एक टिकली असते. तिला प्रायमर म्हणतात. ठासणीच्या बंदुकीच्या जमान्यापासून आपल्याकडे तिला साधं ‘टोपी’ म्हणतात. ती नीट बसली नाही की खऱ्या बंदुकीतही हेच होतं, फक्त परिणाम दिवाळीसारखे गोड नसतात.

विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे रील्स. तुम्ही कर्वेनगरच्या होस्टेलवर लोळत मोबाईल चाळताय आणि समोर टेक्सास किंवा मोंटानातला कुणी काका येतो. गॅरेजमध्ये टेबलाला एक दांड्याचं यंत्र जोडलेलं. तो रिकामी पुंगळी ठेवतो, दांडा खाली, दांडा वर, नवी टोपी, थोडी दारू, वर गोळी. काडतूस तयार. बघायला भारी वाटतं, आणि खाली हमखास एक मराठी कमेंट असते : ‘भावा, हे आपल्याकडे कुठं मिळेल?’

तर आधी ही टोपी काम कशी करते ते बघू, मग ती बसवताना काय काय बिघडतं ते, आणि शेवटी या ‘कुठं मिळेल’चं कायदेशीर उत्तर.

काडतुसात चार गोष्टी, आणि त्यातली एकच ‘तापट’

बातम्यांमध्ये ‘घटनास्थळी दोन पुंगळ्या आढळल्या’ असं वाचतो ना, ती पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. तिच्या तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि बुडाशी मधोमध टोपी. गोळी म्हणजे निव्वळ धातू. दारू तापल्याशिवाय पेटत नाही, आणि आजकालची धूररहित दारू उघड्यावर पेटवली तर ती स्फोट न होता भसाभसा जळते. टोपीचं मात्र तसं नाही. ती फटक्यानेच पेटते. किंबहुना तिचं कामच ते आहे.

टोपी म्हणजे मऊ धातूची चिमुकली वाटी. आत तळाला स्फोटक मिश्रणाचा पातळ थर आणि त्यावर तीन किंवा दोन पायांचा एक छोटा तुकडा, ज्याला ऐरण म्हणतात. हो, लोहाराची ऐरण, तीच. बंदुकीची फायरिंग पिन वाटीवर बाहेरून आदळते, वाटी आत दबते आणि मिश्रण वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडलं जातं. ठिणगी उडते, पुंगळीच्या तळाच्या भोकातून आत जाते, दारू पेटते. हे सगळं काही सहस्रांश सेकंदांत.

आता लोहाराचंच उदाहरण धरा. ऐरण पक्की रोवलेली असेल तर घाव लोखंडाला लागतो. ती मातीत डुगडुगत असेल तर घावाची अर्धी ताकद ऐरण हलवण्यात जाते. टोपी बसवण्याच्या जवळपास सगळ्या तक्रारींचं मूळ इथं आहे. पिनेचा फटका मिश्रणाला बसला की टोपी पेटते. तो फटका टोपी सरकवण्यात खर्च झाला की ‘टक’.

एका धर्मगुरूच्या शिकारीतून सुरू झालेली गोष्ट

टोपीच्या आधी चकमकीची बंदूक होती. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी पडायची, कानातली दारू पेटायची आणि मग आतली. एवढ्यात पाखरं सावध व्हायची. स्कॉटलंडमधला अलेक्झांडर फॉर्सिथ नावाचा धर्मगुरू शिकारीचा शौकीन होता, आणि ठिणगी बघून उडून जाणाऱ्या पक्ष्यांनी तो वैतागला होता. फटक्याने पेटणारी रसायनं वापरून त्याने नवी यंत्रणा केली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी १८०० मध्ये एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पाऱ्याचं फल्मिनेट जगासमोर मांडलं होतं. पुढं हेच रसायन तांब्याच्या छोट्या टोपीत भरायला लागले आणि टोपीची बंदूक जन्माला आली.

१८५७ ची एन्फिल्ड रायफल टोपीचीच होती. आपण शाळेत ज्या चरबी लावलेल्या काडतुसांबद्दल शिकतो ती कागदाची होती. त्यात दारू आणि गोळी असायची, टोपी नसायची. शिपायाला ती वेगळ्या पिशवीतून काढून बंदुकीच्या निपलवर बसवावी लागायची. टोपी, दारू आणि गोळी एकाच धातूच्या पुंगळीत एकत्र आली ती त्यानंतरच्या दहाएक वर्षांत. १८६६ च्या आसपास अमेरिकेत हिरम बर्डन आणि ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी टोपीच्या दोन वेगळ्या पद्धती काढल्या, आणि जग आजही त्या दोनच वापरतं. गंमत अशी की अमेरिकन बर्डनची पद्धत युरोप-आशियातल्या लष्करांत जास्त रुजली आणि ब्रिटिश बॉक्सरची अमेरिकेत.

याच बदलाच्या काळात, १८६९ मध्ये, खडकीत दारूगोळा कारखाना उभा राहिला. कर्वेनगरातून दहा-बारा किलोमीटरवर. आज तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ज्या सात कंपन्या केल्या त्यातली ही एक, आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखानाही याच कंपनीचा. तिथं छोट्या शस्त्रांची काडतुसं बनतात. म्हणजे ‘काडतूस कसं बनतं’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला टेक्सासला जायची गरज नाही, ते आपल्या शहराच्या इतिहासातच आहे. फक्त ते भिंतीआड आहे, आणि तसं असण्याला कारणं आहेत.

मग टोपी बसवताना बिघडतं काय?

रीलमधला काका रिकामी पुंगळी पुन्हा वापरतो. जुनी टोपी ठोकून काढली की बुडाशी एक गोल खळगा उरतो आणि नवी टोपी त्यात दाबून बसवायची असते. किती खोल? बुडाच्या पातळीला किंवा त्याहून किंचित आत. ‘किंचित’ म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलीमीटर. माणसाच्या केसाची जाडी एवढ्याच्या आसपास असते. एका केसाच्या फरकावर हा सगळा खेळ आहे.

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे टोपी वर राहणे. बुडावरून बोट फिरवलं तर ती उंचवट्यासारखी लागते. कारणं बरीच असतात. खळग्याच्या तळाशी मागच्या वेळची काजळी साठलेली असते, त्यामुळं ऐरणीचे पाय तळाला टेकतच नाहीत. किंवा पुंगळी लष्करी असते. मशीनगनच्या हिसक्यात टोपी निसटू नये म्हणून लष्करी काडतुसात टोपीभोवतीचं पितळ ठोकून आत वळवलेलं असतं. जुनी टोपी निघून गेली तरी ती वळलेली कड तिथंच राहते, आणि नवी टोपी त्या कडेला अडते. माणूस काय करतो? दांडा जोरात दाबतो. मग टोपी वाकडी शिरते, चेपते, क्वचित हातातच फुटते.

किंवा मुळात मापच चुकलेलं असतं. बॉक्सर टोप्या मुख्यतः दोन व्यासांच्या असतात, ४.४५ मिलीमीटर आणि ५.३३ मिलीमीटर. पण व्यास जुळला म्हणजे काम झालं असं नाही. मोठ्या मापात रायफलची टोपी पिस्तुलाच्या टोपीपेक्षा उंच असते, त्यामुळं ती पिस्तुलाच्या पुंगळीत घातली की बाहेर डोकावतेच. छोट्या मापात दोन्ही सारख्याच दिसतात, पण रायफलच्या टोपीची वाटी जाड असते. पिस्तुलाची पिन तिला पुरेशी दाबू शकत नाही. उलट केलं, म्हणजे पिस्तुलाची पातळ टोपी रायफलमध्ये घातली, तर दाबाने ती भोसकली जाते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. शूटिंगचा चष्मा स्टाईलसाठी नसतो, तो यासाठी असतो.

वर राहिलेल्या टोपीचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. पहिला आपला दिवाळीवाला. पिन आदळते, टोपी आत सरकते, मिश्रण चिरडलं जात नाही, ‘टक’. दुसरा जास्त वाईट. काही स्वयंचलित रायफलींमध्ये पिन स्प्रिंगने अडवलेली नसते, सैल असते. अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गॅरंड ही त्यातली प्रसिद्ध. बोल्ट धाडकन पुढं येऊन बंद होतो तेव्हा ही सैल पिन पुढं जाऊन टोपीला टेकते. टोपी वर आलेली असेल किंवा नको तितकी नाजूक असेल तर चाप न ओढताच गोळी सुटू शकते. कधी कधी बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आत.

टोपी जास्त दाबली गेली तरीही तक्रार आहेच. आतली मिश्रणाची वडी तडकते, तुकडे बाजूला होतात, ऐरणीखाली काही उरत नाही. पिन बरोबर मधोमध, चांगली खोल आदळते आणि तरीही शांतता.

तिसरी तक्रार सैलपणाची. तीच पुंगळी वारंवार, त्यातही जास्त दाबाची दारू भरून वापरली की खळगा रुंदावतो. टोपी अंगठ्यानेही बसते. मग ती हलवल्यावर पडते, किंवा तिच्या कडेने वायू निसटून बुडावर काळं कडं उमटतं. याला उपाय नाही. ती पुंगळी भंगारात.

आणि पुंगळी बर्डन पद्धतीची असेल तर प्रश्नच मिटतो. बॉक्सरमध्ये ऐरण टोपीच्या आत असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक असतं, म्हणून सळई घालून जुनी टोपी ढकलता येते. बर्डनमध्ये ऐरण पुंगळीच्याच पितळेतून घडवलेली असते आणि भोकं तिच्या बाजूला, सहसा दोन. सळई ऐरणीवरच आपटते. रीलमधला काका जमिनीवरून पुंगळी उचलल्यावर आधी तिच्यात टॉर्च मारून बघतो ना, ते भोक मोजण्यासाठी.

टोपीवरचा खड्डा वाचायला शिका

हा भाग मात्र भारतातल्या नेमबाजांच्याही उपयोगाचा आहे. काडतूस उडालं नाही की दोष नेहमी टोपीलाच दिला जातो, पण खूपदा गुन्हेगार बंदूक असते. टोपीवर खड्डाच नसेल तर पिन तुटलेली किंवा अडकलेली आहे. खड्डा उथळ असेल तर स्प्रिंग थकली आहे, आत तेल आणि काजळी साठली आहे किंवा टोपी वर होती. खड्डा एका बाजूला असेल तर बंदूक गनस्मिथकडे न्यायची वेळ झाली. खोल आणि मधोमध असूनही काही झालं नाही, तर मात्र टोपीच मेलेली. दमटपणा आणि तेल हे तिचे दोन जुने शत्रू. बंदुकीवर सढळ हाताने स्प्रेचं तेल मारून काडतुसं आत तशीच भरून ठेवायची सवय अनेकांना असते. ते पातळ तेल टोपीच्या कडेने झिरपू शकतं.

पोलिसही हाच खड्डा वाचतात, वेगळ्या कारणासाठी. प्रत्येक पिनेची आणि तिच्यामागच्या धातूची बारीक खोड टोपीवर उमटते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत दोन पुंगळ्या तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून त्या एकाच शस्त्रातून सुटल्या का हे ताडून पाहतात. आणि संशयिताच्या हातावरची जी राख तपासतात तिच्यात शिसं, बेरियम आणि अँटिमनी हे त्रिकूट शोधतात. ते बहुतांशी टोपीतूनच आलेलं असतं.

कोकणात टोपी आजही हातानेच बसते

महाराष्ट्रात टोपी बसवण्याची तक्रार खरोखर कुठं ऐकू येत असेल तर ती कोकणात. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. रानडुक्कर आणि माकडांनी शेती आणि बागा हैराण केल्यावर त्या बाहेर निघतात. तोंडातून दारू, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं आणि शेवटी मागच्या निपलवर तांब्याची टोपी. तत्त्व तेच, तक्रारीही त्याच. निपल गंजलं किंवा चेपलं की टोपी पूर्ण खाली जात नाही, घोड्याचा पहिला फटका तिला बसवण्यातच जातो. निपल झिजलं की टोपी चालता चालता पडते. भोकात काजळी असली की टोपी फुटते, पण दारूपर्यंत ठिणगी पोचत नाही. आणि कोकणातल्या पावसात दारूच ओलसर असली तर ती लगेच पेटत नाही, धुमसते आणि दोन-तीन सेकंदांनी उडते.

तेवढ्या दोन-तीन सेकंदांत ‘काय झालं बघू’ म्हणून कुणी नळीत डोकावलं तर?

म्हणून बालेवाडीच्या रेंजवर असा किंवा सावंतवाडीच्या बागेत, ‘टक’ झाल्यावरचा नियम एकच. नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवायचं, हलवायचं नाही. बोट चापावरून बाजूला. निदान तीस सेकंद थांबायचं, तुमच्या रेंजचा नियम मिनिटाचा असेल तर मिनिटभर. रेंजवर हात वर करून अधिकाऱ्याला सांगायचं. त्यानंतरच काडतूस बाहेर. ठासणीच्या बंदुकीत काडतूस काढायची सोय नसते, तिथं थांबायची वेळ याहून जास्त हवी.

अजून एक आवाज ओळखायला शिका. ‘टक’ही नाही, ‘ठो’ही नाही, नुसतंच ‘फुस्स’. याचा अर्थ टोपी फुटली, पण दारू पेटली नाही किंवा पुंगळीत ती नव्हतीच. एकट्या टोपीचा जोर गोळीला नळीत ढकलायला पुरेसा असतो, बाहेर काढायला नाही. गोळी मध्येच अडकते. त्यामागून दुसरी झाडली की नळी फाटते. घरी काडतुसं भरणाऱ्यांच्या अपघातांत हा प्रकार फार ओळखीचा आहे, कारण दारू टाकायची विसरणं ही माणसाची चूक आहे. कारखान्यात तेच काम यंत्र करतं आणि तपासणी वेगळी होते.

ऑलिम्पिकवाल्यांचं काय?

‘पण मग आपले नेमबाज काय करतात?’ हा प्रश्न येणारच. बालेवाडीत सराव करून घडलेल्या, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. त्या प्रकारात पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलीमीटरचं काडतूस लागतं, आणि त्याला मधली टोपी नसतेच. मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं आणि पिन कडेवर आदळते. एकदा आदळली की कड चेपली, पुंगळी संपली. ती पुन्हा भरत बसण्यात अर्थ नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा जातो. म्हणजे पुण्यातली बहुतेक मुलं ज्या दोन प्रकारांत खेळतात त्यांत हा टोपी बसवण्याचा प्रश्नच येत नाही. खेळाडूंना परवान्यावर काडतुसांची मर्यादाही सामान्य परवानाधारकापेक्षा जास्त असते.

अमेरिकेत लोक हे का करतात? पैसे वाचतात, आणि लांब पल्ल्याच्या नेमबाजीत स्वतः भरलेलं काडतूस रायफलला बेतून करता येतं. तिथं स्वतःपुरतं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. पण सगळीकडे असं मोकळं नाही. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानंतर टोप्या विकत घ्यायच्या तर शस्त्राचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नेमकी टोपीच का, हे आता तुम्हाला कळलं असेल.

आता कायदा, कारण कमेंटचं उत्तर द्यायचं राहिलंय

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ लागू आहे. त्यातली ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप रुंद आहे. तयार काडतूस तर त्यात येतंच, शिवाय दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. टोपी आली, रीलमधलं दांड्याचं यंत्रही आलं. ‘मी नुसतं मशीन मागवलं, दारू कुठं आणली?’ हा बचाव त्यामुळं फारसा उभा राहत नाही.

कलम ३ नुसार शस्त्र आणि दारूगोळा बाळगायला परवाना लागतो. पुणे शहरात तो पोलिस आयुक्तालय देतं. पण हा परवाना बाळगण्याचा आणि ठरावीक संख्येने काडतुसं विकत घेण्याचा असतो. काडतुसं बनवण्यासाठी कलम ५ खाली वेगळा परवाना आहे. विनापरवाना बनवल्यास कलम २५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे, वर दंड. घरात गंमत म्हणून दहा काडतुसं भरणाऱ्यालाही हेच कलम लागू होतं. मला विचाराल तर हौशी माणूस आणि गावठी कट्टे बनवणारा यांना एकाच कलमात बसवणारी ही शिक्षा फार मोठी आहे, पण ती आहे हे माहीत असलेलं बरं. स्फोटकांसाठी १८८४ चा स्फोटक कायदा वेगळा, त्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी फ्लॅटमध्ये हे का नको याचं उत्तर टोपीच्या स्वभावात आहे. एक टोपी फुटली तर बोट भाजेल. पण एकीच्या धक्क्याने शेजारची फुटते, तिच्याने तिसरी. म्हणूनच कारखान्याच्या खोक्यात प्रत्येक टोपी वेगळ्या खाचेत ठेवलेली असते. शंभर टोप्या खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवल्या की तो बॉम्बच. त्यातच बहुतेक टोप्यांच्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं. वापरलेल्या पुंगळ्या साफ करताना त्याची धूळ उडते, टेबलावर, कपड्यांवर, रांगणाऱ्या बाळाच्या हातावर बसते.

परदेशातून कुणी येणार असेल तर त्यांनाही सांगून ठेवा. टोप्या आणि दारू विमानात नेताच येत नाहीत, ना केबिनच्या बॅगेत ना खाली दिलेल्या. आणि शस्त्र-दारूगोळा भारतात आणायला कलम १० खाली परवाना लागतो, त्यामुळं ‘कुरिअरने थोडे सुटे भाग पाठव ना’ हाही मार्ग नाही.

रिकामी पुंगळी कीचेनला लावली तर? इथं कायदा थोडा माणसात येतो. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण ते पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तरच. म्हणजे आठवण म्हणून ठेवलेली एक पुंगळी वेगळी आणि पुंगळ्या, टोप्या, यंत्र असं साठवत जाणं वेगळं. तरी ती कीचेन घेऊन लोहगाव विमानतळावर जाऊ नका. एक्स-रेमध्ये काडतुसाचा आकार दिसला की तुमचा हेतू तपासेपर्यंत विमान उडालेलं असेल.

शेवटी पुण्यात खरंच घडणारी गोष्ट. वाडा पाडायचा असतो, माळ्यावरची ट्रंक उघडते आणि आजोबांची, जे कधीकाळी फौजेत होते किंवा ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, चार-सहा जुनी काडतुसं सापडतात. त्यांचा परवाना त्यांच्यासोबतच संपलेला असतो. अशी काडतुसं वाजवून बघायची नाहीत, उघडायची नाहीत, भंगारवाल्याला द्यायची नाहीत. वर्षानुवर्षांच्या दमटपणात टोपी मेलेली असेल किंवा नसेल, बाहेरून कळत नाही. कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असतात. आधी ठाण्यात फोन करा, ती कशी आणायची की तेच येऊन नेणार हे विचारा, आणि जमा केल्यावर पोच घ्यायला विसरू नका.